नातालीनची पळंज

ऑक्टोबरचा पहिला रविवार, सकाळचे साडेसात. वसईच्या खाडीकाठी शिरखार गावात, चर्चच्या दारासमोर माणसं भाताच्या पेंढ्या घेऊन उभी आहेत. आज आगेरा, नव्या पिकाची पहिली पेंढी वाहून देवाचे आभार मानायचा सण. प्रत्येक पेंढीच्या मधोमध एक काडी दाण्यावाचूनची, पळंज आहे. पाहुण्यांना ती चुकून राहिलीशी वाटते. मग मोनिकाआजी पायरीवर बसून सांगू लागतात.

फार वर्षांपूर्वी इथे नातालीन नावाची विधवा राहायची म्हणे. नवरा कैतान जाताना म्हणाला होता, "पीक थोडं येवो की जास्त, आगेऱ्याला आपल्या घरची पेंढी चुकवू नकोस." सहा वर्षं तिने चुकवली नाही. सातव्या वर्षी, भात पोटरीत, म्हणजे दाणा भरायच्या आधी, असताना खाडीच्या बांधाला पाणी अडवायची जी फळी असते ती कोणीतरी काढून ठेवली. बांधाला लागून शेत तिचंच. भरतीचं खारं पाणी शिरलं आणि आठ दिवस उभं राहिलं. बांध सांभाळणारे तिघे पंच म्हणाले, "देवाची मर्जी." देव फळ्या काढत फिरत नाही, एवढं नातालीनला कळत होतं.

पेंढी मागावी, तर थोरली जाऊ रेजीन हिच्याशी तीन वर्षं अबोला. शेवटी तिने खाऱ्या पाण्याने जळालेल्या शेतातली पळंजच कापली, पेंढी बांधली, धुवट लुगडं नेसली आणि रांगेत उभी राहिली.

एक पंच पुढे झाला. "बाय, देवाला पळंज वाहतेस? लाज आहे का काही?"

"दाणे पाण्याने नेले," नातालीन म्हणाली. "पण देवाने सोन्यासारखा नवरा दिला, दोन पोरी दिल्या. त्याचे आभार काही वाहून गेले नाहीत."

पंचाने पेंढीला हात घातला. तेवढ्यात रेजीन तरातरा आली. आता ही भांडणार, असं सगळ्यांना वाटलं. आणि भांडलीच ती.

"तीन वर्षं तोंड फुगवून बसलीस ती बसलीस, पेंढी तरी घट्ट बांधायला शीक! दे इकडे."

तिने दोघींच्या पेंढ्या सोडल्या. आत जावेची पळंज, भोवती आपल्या भरल्या लोंब्या, अशी एकच पेंढी करकचून बांधली. "आता काढून दाखवा," ती पंचाला म्हणाली.

पाद्रीबाबांनी पवित्र पाणी पहिलं त्याच पेंढीवर शिंपडलं. दुपारी दोन्ही घरं एकाच चुलीवरचं जेवली, असं सांगतात.

"वहिनी, मीठ जास्त झालंय हो," नातालीन म्हणाली.

"खारं पाणी प्यायलंय तुझं शेत, तुला सगळंच खारट लागणार!"

आजही शिरखारला पळंज नसलेली पेंढी चर्चमध्ये नेत नाहीत. आणि ती काडी ज्या घराशी अबोला असेल त्याच घरून मागून आणायची असते. त्या आठवड्यात गावात बरीच दारं वाजतात.

त्या आगेऱ्यानंतरच्याच उन्हाळ्यात नातालीनच्या खारावलेल्या शेतात तिघा पंचांचं मिठागर उभं राहिलं. शेत तिने विकलं नव्हतं, कोणाला दिलंही नव्हतं. ते पंचांच्या नावावर कसं चढलं, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.