झिपरूची शीळ

जंगलात प्रत्येकाची शीळ वेगळी होती, त्या काळची गोष्ट. सगळ्यांची पावसाळ्याची बेगमी सुतारपक्षी अर्जुनाच्या झाडाच्या ढोलीत सांभाळी आणि शीळ ओळखून ज्याची त्याला देई.

शेवंता खार खडकावर बोरं वाळत घालत होती, तेव्हा निरोप आला की तिच्या नवऱ्याला, झिपरूला, ससाण्याने नेलं.

सकाळ होताच भेटायला बरेच आले. सगळ्यांत जास्त कळवळा कोतवाल पक्ष्याला. कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारा हा गुणी पक्षी, त्यात नावच कोतवाल. संशयाला जागा कुठे?

"वहिनी, झिपरूभाऊंचा वाटा तुमच्या नावावर करून टाकू. त्यांची शीळ तेवढी ऐकवा. आजच हं, उद्या वाटा बुडेल."

शेवंताने शीळ घातली. त्याने मागितलं नव्हतं तरी पुन्हा एकदा घातली. तिलाच ती ऐकायची होती.

दुसऱ्या दिवशी ती ढोलीपाशी गेली, तर त्यांचा कप्पा रिकामा होता.

"काल तुमचे यजमान येऊन सगळं घेऊन गेले," सुतारपक्षी म्हणाला.

"अहो, ते परवाच गेले!"

"अरेरे! पण शीळ अगदी बरोबर होती."

"पावसाळाभर पिलांना काय घालू मी? तक्रार कुणाकडे करायची?"

"कोतवालाकडे. फार तत्पर आहे."

"निदान त्यांची शीळ तरी बंद करा."

"करतो की. फक्त ज्याची शीळ, त्याने स्वतः यायला हवं."

अजूनही कधीतरी एखाद्या झाडावरून ती शीळ येते आणि पिलं माना वर करतात. ती बंद करायची राहून गेली आहे.