चुलीचे तीन धोंडे

फार फार जुनी गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक नियम होता, आणि तो का आहे हे कुणी विचारायचं नाही, असा दुसरा नियम होता.

पहिला नियम असा : उगमाईच्या यात्रेला निघालात, तर चुलीचे तीन धोंडे घरचेच न्यायचे. परक्या दगडावर शिजलेलं अन्न यात्रेत चालत नाही.

उगमाई म्हणजे गावच्या नदीचा पहिला झरा. दर वर्षी थंडी सरली की सगळं गाव डोंगरमाथ्यावरच्या त्या झऱ्याकडे पायी निघायचं. वाट लांबची, चढाची. तुम्ही म्हणाल, वाटेत दगड मिळत नव्हते का? अहो, वाट दगडांचीच होती. पावलापावलाला ठेच लागेल इतके दगड. तरी बायका डोक्यावर दगड घेऊन त्या दगडांतून चालायच्या.

बायकाच, कारण चूल बायकांची. पुरुषांच्या हातात काठी आणि तोंडात भजन.

या नियमाला एक शेपूटही होतं. घरची चूल पेटली, की ती सोडून घरच्या बाईनं हलायचं नाही. म्हणून शेवटच्या चढाखाली चुली मांडायच्या आणि बायकांनी तिथंच बसायचं. पुरुष मोकळ्या अंगानं वर जायचे, झरा पाहायचे, खाली येऊन गरम गरम जेवायचे. गावातल्या एकाही बाईनं उगमाई पाहिलेली नव्हती.

या गावात येसू नावाची मुलगी होती. तिला आई नव्हती, आत्यानं वाढवलेलं. आत्या तरणी असल्यापासून यात्रेला जायची आणि दर वेळी चढाखाली बसून भाकऱ्या भाजायची. आता तिचे गुडघे गेले होते. उठताना भिंत धरावी लागे.

"ही माझी शेवटची यात्रा," आत्या म्हणाली. मग गुडघा चोळत म्हणाली, "ते पाणी खडकातून येतं कसं गं? उसळतं की झिरपतं? तुझ्या बापाला कितीदा विचारलं. म्हणतो, पाणी येतं तसं येतं."

हे ऐकल्यावर येसूला घरात बसवेना. ती तरातरा ओसरीवर गेली. तिथं थोरले आबा सुपारी कातरत बसले होते. ते येसूच्या बापाचे चुलते, घरातही वडीलधारे आणि गावातही. यात्रा त्यांच्याच शब्दावर चालायची.

"आबा, धोंडे घरचेच का न्यायचे?"

"कारण ते घरचे आहेत."

"मग वाटेतले का चालत नाहीत?"

"कारण ते वाटेतले आहेत." आबांनी सुपारी तोंडात टाकली. "तुझ्या वयाला असे प्रश्न पडतात. लग्न झालं की थांबतात."

येसू तडक घरात वळली. आत जाऊन तिनं यात्रेचं गाठोडं सोडलं. तिन्ही धोंडे उचलून गोठ्याच्या भिंतीशी ठेवले. मग तिचे हात थांबेनात. पितळी परात बाहेर. मोठा हंडा बाहेर. पाटा-वरवंटा बाहेर, चटणी तिनं घरीच कुटून पानात बांधली. उरलं काय? पिठाची पिशवी, एक तवा, पाण्याचा तुंबा आणि दोघींत मिळून एक घोंगडी. गाठोडं एवढंसं झालं. कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिनं त्यात वाळलं गवत कोंबलं आणि फडकं ताणून गाठ मारली.

सकाळी आत्यानं गाठोडं उचलून पाहिलं.

"हलकं लागतंय."

"हो."

"फारच हलकं लागतंय, येसू."

"माझ्या डोक्यावर दे ना, आत्या."

आत्यानं दिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा नुसती काठी हातात घेऊन ती यात्रेला निघाली.

येसू झपझप चालायची. मुक्कामाला सगळ्यांच्या आधी पोचायची, रानातले तीन दगड मांडून चूल पेटवायची आणि सकाळी ते तिथंच सोडून द्यायची. आबा तिच्या हातची भाकरी मोडत म्हणायचे, "घरच्या चुलीची चवच न्यारी!" येसू हसू दाबायची.

पण पुढं तिला हसू येईना. कारण आबांनी तिचा दाखला द्यायला सुरुवात केली.

"बघा या पोरीकडे!" ते भर वाटेत म्हणायचे. "ओझं मनापासून उचललं की फुलासारखं होतं. आणि तुमची रडगाणी! म्हणे मान दुखते, पाठ दुखते. अगं, तुमच्या मनातच खोट."

बायका माना खाली घालायच्या. धोंडे डोक्यावर असताना जेवढ्या घालता येतात तेवढ्या.

"मी सांगून टाकते," येसू रोज कुजबुजायची.

"वर पोचेपर्यंत गप बस," आत्या तिचा हात दाबायची. "आत्ता बोललीस तर मला परत पाठवतील. या वेळी झरा पाहूनच परतायचंय."

"आणि यांच्या माना?"

आत्या काठी टेकत पुढं चालू लागली. येसूचा जीव दोन्हीकडून ओढला जात होता. बोलावं तर आत्याचा झरा जातो, न बोलावं तर तिच्याच गवतानं आबा दुसऱ्यांना झोडपतात.

शेवटच्या चढाखाली सगळे थांबले. एक नवी सून सगळ्यांच्या मागून आली. तिची मान एका बाजूला कलली होती, ओठ पांढरे पडले होते. आबा कडाडले, "लाज वाटते का? येसूकडून शीक जरा!"

येसूनं गाठोडं खाली आपटलं, गाठ ओढली आणि फडकं झटकलं.

"आबा, हे गवत आहे."

"काय?"

"गवत. धोंडे गोठ्याशी आहेत. तुम्ही रोज जेवलात ते वाटेतल्या दगडांवरचं. काल तर आणखी एक भाकरी मागून घेतलीत."

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. आबांचा चेहरा तांबडालाल झाला.

"येसू, आबांच्या पाया पड!" तिचा बाप ओरडला.

"पाया पडून भागणार नाही," आबा म्हणाले. "यात्रा विटाळली हिनं. माघारी जा आणि धोंडे डोक्यावर घेऊन ये. तोवर कुणी वर जायचं नाही. तुझी आत्या इथंच बसेल, चुलीपाशी."

"कुठल्या चुलीपाशी? घरची चूल सोडून बाईनं हलायचं नाही ना? ही घरची नाहीच. मग आत्यानं राखायचं काय?"

वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एकानं हळूच विचारलं, "अगं, पण जेवणाचं काय?"

"पीठ पिशवीत आहे, काका. दगड तुमच्या पायाशी आहेत."

आत्या काठी टेकून उठली. धरायला भिंत नव्हती, तिनं येसूचा खांदा धरला. "चल," ती म्हणाली, "पण तुझ्या चालीनं नको. गुडघे माझे आहेत."

नव्या सुनेनं डोक्यावरचं ओझं उतरवलं. मान चोळत तीही चढाकडे वळली. मग दुसरी. मग सगळ्याच.

"येसू!" मागून आबांचा आवाज आला. "शेवटचं सांगतो. धोंडे घेऊन ये."

येसू वळली. "नाही, आबा. आज नाही, पुढच्या यात्रेला नाही, कधीच नाही. तुम्हाला हवेत ना, तुम्ही उचला."

आबांनी पायाशी पडलेल्या धोंड्यांकडे पाहिलं. पेटायच्या राहिलेल्या चुलींमध्ये सगळे वडीलधारे उभे राहिले, आणि बायका झऱ्याकडे चढत राहिल्या.

तात्पर्य : ज्या नियमाचं ओझं सांगणाऱ्याच्या डोक्यावर नसतं, तो उचलण्याआधी त्याचं कारण विचारावं.