बमाईचं अंगण

फार वर्षांपूर्वी, तळकोंडाला रस्ताही नव्हता तेव्हाची ही हकिगत. त्या काळी पठारावरची धनगर मंडळी थंडी पडली की म्हशी घेऊन खाली ओढ्याकाठी उतरायची आणि चार महिने कुडाच्या घरात राहायची. त्यातलं अगदी कडेचं, रानाला टेकलेलं घर बमाई झोरेचं. नवरा कधीच गेलेला. चार म्हशी आणि सगुणा नावाची एकुलती एक लेक, एवढाच संसार.

बमाईची एक रीत होती. दिवस मावळला की चुलीतली राख जुन्या लुगड्यातून चाळायची आणि अंगणभर पातळ पसरायची. उजाडलं की उंबऱ्यावर बसून ती राख वाचायची. साळिंदर येऊन गेलं, पोटुशी आहे. भेकर आलं होतं, कशाला तरी बिचकून पळालं. असं म्हणतात, जनावर भुकेलं आहे की धालेलं, हेसुद्धा तिला पावलावरून कळायचं. लोक मुद्दाम वाट वाकडी करून विचारायला यायचे, "बमाई, आज गुरं कुठल्या अंगाला सोडू?" ती सांगेल तिकडंच गुरं जायची.

सगुणाही राख वाचून झाल्याशिवाय ओढ्यावर जात नसे. हंडा कमरेवर घेऊन उभी राहायची. "आये, जाऊ का?" बमाई म्हणायची, "जा." मग त्या स्वच्छ राखेत पोरीची पावलं उमटायची. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. बमाई ती पावलंही बघत बसायची.

मार्गशीर्षात खिंडीपलीकडचे पाहुणे सगुणाला बघायला यायचे ठरले. त्या दिवशी उजाडायलाच शेजारची भागू येडगे हजर. जीव लावणारी बाई, पण दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते बघितल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

"अगं बमे, पावणं येणार आणि अंगणात ही राख? घरात कोण मेलंय का काय म्हणतील!"

"बघून झालं की झाडते की."

"कवा बघणार? अजून दोन म्हशी पिळायच्यात तुझ्या. एक दिस न्हाई बघितलं तर रान काय पळून जातंय व्हय?"

बमाईला लाज वाटली. चांगलं स्थळ होतं. तिनं खराटा घेतला, राखेकडं न बघताच अंगण झाडलं, राख उकिरड्यावर टाकली आणि शेणानं सारवून घेतलं. भागूनं कडेनं रांगोळी ओढली.

सगुणा हंडा घेऊन आली. "आये, जाऊ का?"

बमाईनं सवयीनं खाली बघितलं. ओलं, हिरवं सारवण. त्यात वाचायला काही नव्हतंच.

"जा," ती म्हणाली.

पाहुणे आले, घोंगडीवर बसले. रीतीप्रमाणं आधी पाणी द्यायचं, तर घरात पाणी नव्हतं. "येईलच इतक्यात," भागू हसून म्हणाली. मग परत एकदा म्हणाली. तिसऱ्यांदा ती हसली नाही. बमाई उठली आणि पळत सुटली.

ओढ्यावर हंडा भरून दगडावर नीट ठेवलेला होता. चिखलात वाघराची, म्हणजे आपल्या बिबट्याची पावलं होती. मादी, पुढच्या डाव्या पायानं लंगडी, फार दिवसांची उपाशी. बमाईनं उभ्या उभ्या सगळं वाचलं. सगुणा काही सापडली नाही. गावानं आठ दिवस रान धुंडाळलं.

बमाई उकिरड्यापाशी बसून राहिली. झाडून टाकलेली राख मुठीत घ्यायची आणि बोटांतून हळूहळू सोडायची. जणू त्यात वाघराचं ते पाऊल अजून असेल आणि ते तिला वेळेवर दिसेल. भागू पाया पडायला आली तर म्हणाली, "तुझं काय चुकलं बाई? खराटा माझ्याच हातात होता."

पुढं थंडी सरल्यावर सगळे पठारावर गेले तरी ती खालीच राहिली. रोज राख पसरायची, रोज बघायची. असं म्हणतात, तिच्या राखेला वारा लागत नसे, दव शिवत नसे. असं म्हणतात, रानातलं एकूण एक जनावर अंगणाच्या कडेला येऊन पाऊल ठेवून जायचं, ती लंगडी मादीसुद्धा. अशी वीस वर्षं गेली. बमाईला हवं होतं ते पाऊल, करंगळी चढलेलं, ते तेवढं कधी उमटलं नाही.

एका मार्गशीर्षात सकाळी भागू भाकरी घेऊन आली तर घर उघडं. राखेत बमाईची पावलं उंबऱ्यापासून अंगणाच्या मध्यापर्यंत गेलेली होती. तिथं ती संपली. पुढं नाही, मागं नाही. शेजारी दुसरं पाऊलही नाही.

तळकोंडात आजही आधी जमीन बघितल्याशिवाय कुणी खराटा उचलत नाही. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी हे सांगतात. आणि मार्गशीर्षात एका संध्याकाळी घरोघरची चाळलेली राख त्या कडेच्या अंगणात पसरतात. सकाळी सगळ्या बाया हंडे घेऊन गप उभ्या राहतात. वाडीतली सगळ्यात म्हातारी पुढं होते, वाकून सगळं अंगण बघते. हा मान पहिल्यांदा भागूनं घेतला होता, मरेपर्यंत सोडला नाही. ती म्हणायची तेच आजची म्हातारीही म्हणते.

"न्हाई आली गं, बमे."

मग बाया पाण्याला जातात. एकटी कुणीच जात नाही.