वैजनाथच्या चपला

“लोकांना मोकळीक दिली तरी ती नको का होते, सर?”

दारात चपला काढता काढताच वैजनाथनं विचारलं. कादरी सर आयटीआयमधून निवृत्त झालेले. त्याला संगणक शिकवला तो त्यांनीच. त्याच्यामागून मी आत आले. मी पतंगे, गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. म्हणजे ज्यांना मोकळीक नको झालीय म्हणे, त्यांच्यातलीच एक.

त्यानं सगळी कहाणी सांगितली. गेल्या वर्षी त्यानं आमच्या चारही संगणकांवरचं विंडोज काढून लिनक्स बसवलं, कुणीही फुकट, मोकळेपणानं वापरावं असं. चोरून उतरवलेली प्रत नको, कुणा कंपनीची मिंधेगिरी नको. आणि आज चार वाजता आमचं संचालक मंडळ ठराव करून जुनं विंडोज परत आणणार होतं. सरांचा शब्द गावात कुणी मोडत नाही, तेव्हा सरांनी येऊन मंडळाला सुनावावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

“कृतघ्न आहेत, सर. माझ्या सगळ्या सुट्ट्या घातल्या मी त्यात.”

घातल्या, खोटं कशाला बोलू. मशीनं पळायलाही लागली. पण मुख्य पासवर्ड त्यानं स्वतःकडं ठेवला आणि नोकरीला पुण्याला निघून गेला. नवा प्रिंटर येऊन महिना झाला, तो जोडायला पासवर्ड लागतो. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. परीक्षेचा फॉर्म छापायला पोरी भर उन्हात बाजारात जातात. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि वर आम्हीच कृतघ्न. हे सगळं मी सरांना सांगितलं, आवाज चढला तर चढला. लिनक्स मला जड नाही, हेही सांगितलं. पासवर्ड हातात आला तर ठराव मीच मागं घ्यायला लावते, म्हटलं.

सर ऐकत होते.

“का नाही दिलास, वैजू?”

“बिघडवून ठेवतील, सर.”

सतरा वर्षं मी ते वाचनालय सांभाळतेय. तो हे माझ्यासमोर बोलला, माझ्याकडं न बघता.

“घरीही लिनक्सच ना?”

“घरी तर आधी बसवलं.”

“तिथला पासवर्ड?”

“आईला काय कळतंय त्यातलं...”

सर उठले. दारातल्या वैजनाथच्या चपला उचलून त्यांनी लोखंडी कपाटात ठेवल्या. कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. मी गपकन मूठ मिटली.

“सर, हे काय?”

“चांगल्या चपला आहेत. रस्त्यानं खराब करशील.”

“पण माझ्या आहेत त्या.”

“तुझ्याच आहेत की. लागल्या तर फोन कर.”

पावणेचार झाले होते. वाचनालय दोन गल्ल्या पलीकडं आणि बाहेर चैत्राचं ऊन. वैजनाथ तणतणत उठला. अंगणातल्या फरशीवर एक पाऊल टाकलं आणि पोळल्याबरोबर मागं आला. न्याय मागायला आलो तर इथं माझीच थट्टा, असं काहीबाही तो बोलत राहिला.

तेव्हा सर चिडले. सरांना चिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“पहिल्याच आठवड्यात तू माझं मशीन जाळलंस, वैजू. आठवतं?”

“आठवतं, सर.”

“मी तुझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला होता?”

वैजनाथची मान खाली गेली.

मग त्यानं खिशातून पेन काढलं. सरांच्या टेबलावरचा एक कागद फाडून दोन चिठ्ठ्या केल्या आणि दोन्हींवर एकेक पासवर्ड लिहिला. घरची चिठ्ठी घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवली. वाचनालयाची सरांपुढं धरली.

“घ्या, सर. आता किल्ली द्या.”

सरांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले.

“माझ्याकडं काय मागतोस? किल्ली बाईंकडं आहे.”