तिसरी हाक मारनारी तापीन

एक व्हता राजा. त्यो मेला.

हसताय काय? खरंच मेला. कसा मेला ते ऐका गुमान.

त्या मुलखात दिवेलागनीला बाहेरनं हाक आली की कुनी ओ देत नव्हतं. पयली येऊ द्यायची, दुसरी येऊ द्यायची. भूत म्हना, रोगराई म्हना, बाहेरचं जे काय आसंल ते दोनदाच हाक मारतं. तिसरी मारायची त्याला ताकद न्हाई. तिसरी आली की मानूस हाय समजायचं आन् दार उघडायचं. बाप-आज्यापासनं हीच रीत.

मग एकदा काय झालं, नवीच तापीन आली, तापाची भुतीन. कुठनं आली देवाला ठाव. पांढरीफेक बाई, पायाचा आवाज न्हाई, तोंडाच्या जागी नुसती वाफ. आन् ही सटवी तीनदा हाक मारायची, बरं का! ती बी आपल्याच मानसाच्या आवाजात. राजाला तिनं मेलेल्या आईच्या आवाजात हाक मारली. तिसऱ्या हाकेला राजानं दार उघडलं. सकाळी राजाच्या अंगाचा तवा झालेला. गेला.

त्याच गावात हौसा नावाची पोर व्हती. आई न्हाई. बाप मल्हारी मेंढरं राखायचा, दिवेलागनीला घरी यायचा. दार हौसानं उघडायचं. न्हाई उघडलं तर बाप बाहेर, त्या वाफंत. आन् बाप समजून दुसऱ्यालाच उघडलं तर? 

गावात एक ठकूबाई गोंदनारीन व्हती. तापिनीचा एक केस बाभळीच्या काटेरी कुंपनात अडकला व्हता, त्यो तिनं चिमट्यानं उचलला. उकळला, पार मारला, आन् खलून त्याची शाई केली. म्हनली, "केसात जीव न्हाई, पर वास हाय. सुईनं दंडात घालते. दंड वास वळखाय शिकंल. मग ती कुनाच्या बी आवाजात येऊ दे."

लोक लागले बोंबलाय. शेजारची गोदा म्हातारी म्हनली, "ठके, तुळस गोंद, इंचू गोंद. ही नवी थेरं कशाला? पोरीस्नी शेपूट फुटंल!"

"फुटलं तर माशा हाकाय व्हईल," ठकूबाई म्हनली.

पयल्या दिवशी हौसानं सुई बघितली आन् पळाली ती कनगीत जाऊन बसली. नाकात जोंधळं गेलं तरी निघंना.

दुसऱ्या दिवशी आली, पर लांबच उभी ऱ्हायली.

"दुखंल का गं आजे?"

"दुखंल. बाभळीचा काटा मोडल्यागत."

"ताप यील?"

"बारीक यील. दंड ठनकंल. शिकाय बसलाय म्हनायचं."

"तुला भ्या न्हाई वाटलं?"

"आगं, पयली सुई माझ्याच दंडात घातली म्या. लुगड्यात मुतले!"

हौसा हसली, आन् तरी पळाली.

त्याच सांजच्याला गोदा म्हातारीच्या दाराशी हाक आली. "आये... आये... आये..." तिचा ल्योक तर परगावी. हौसानं फटीतनं बघितलं. दार करकरलं. उंबऱ्यावरनं वाफ आत गेली, आन् आतला दिवा आपसूक बारीक झाला. सकाळी म्हातारी निपचित पडलेली, अंग चटका बसंल आसं.

तिसऱ्या दिवशी हौसा येऊन ठकूबाईम्होरं बसली.

"भ्या जात न्हाई, आजे."

"नको जाऊ दे. त्याला बी मांडीवर घे, तुझ्यासंगं बसू दे. तू टोच म्हनल्याबिगर मी टोचायची न्हाई."

पोरीनं दंड म्होरं केला. मग दात आवळून म्हनली, "टोच!"

झालं. काटा मोडला, दोन आसवं पडली, बास. रातभर दंड ठनकला. सकाळी उतरला.

मग एका सांजंला दाराशी बापाचा आवाज. "हौसे, दार उघड."

पोर उठली. आन् दंड ठनकला.

"हौसे, दार उघड गं."

दंड ढोलावानी वाजाय लागला.

"हौसे, बाप हाय मी तुझा."

तिसरी हाक! कडीवर गेलेला हात तिनं मागं घेतला. दाराला पाठ लावून बसली, भ्याला मांडीवर घेतलं. दाराखालनं वाफ आली, पायाच्या बोटांना चाटून गेली. नखं लाकडावर फिरली, वरनं खाली. मग समदं चिडीचूप.

लई वेळानं मेंढरांच्या घंट्या वाजल्या. "हौसे!"

दंड गार. पोरीनं पयल्याच हाकेला दार उघडलं.

मल्हारी खवळला. "येडे, तिसऱ्या हाकेबिगर उघडलंस?"

"बाबा, हाताला ईचारून उघडलं."

दुसऱ्या दिवशी मल्हारी गेला टोचून घ्याय. दोन मेंढे खांद्यावर घेनारा गडी, सुई बघून रडला. हौसानं त्याचा आंगठा धरला. मग समद्या गावानं दंड म्होरं केलं. गोदा म्हातारी बी उठली महिन्यानं, आन् उठल्या उठल्या सुईम्होरं बसली. तापीन दारोदार हाका मारून दमली, आन् तिचीच वाफ व्हऊन गेली.

राजा तेवढा मेलेला ऱ्हायला. बाकी समदी सुखानं नांदली.

उद्या तुमाला बी टोचाय दवाखान्यातली बाई येनार हाय. भ्या आलं तर मांडीवर घ्या, कनगीत बसू नका. डोळं मिटा आता. कडी लावलीया.