सांबरखिंडीचा अर्थ

फार वर्षं झाली. सांबरखिंडीचा घाट तेव्हा एका गाडीपुरताच होता. पायथ्याला वडगण गाव, आणि गावाच्या फाट्यावर दस्तगीर वायरमनची टपरी. गाडीचं विजेचं दुखणं त्याच्याइतकं कुणाला कळत नसे. गाडी आली की नाडी बघितल्यासारखा तो बॅटरीवर हात ठेवायचा, असं म्हणतात.

आजकालची पोरं दिवा लागला नाही की आधी बल्ब बदलतात, मग फ्यूज, मग नशिबाला शिव्या. दस्तगीर अंदाजानं स्क्रूसुद्धा फिरवत नसे. हातात दोन वायरींचा छोटा दिवा. बॅटरीपासून निघायचं, फ्यूज, स्विच, एकेक जोड तपासत मागच्या दिव्यापर्यंत जायचं. आणि शेवटी अर्थ बघायचा. दिव्यातून गेलेला करंट गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत यावा लागतो. त्या परतीच्या वाटेला वायरमन लोक ‘अर्थ’ म्हणतात. दस्तगीर म्हणायचा, “गेलं ते परत येतंय का, ते बघ. न्हायतर समद्याला अर्थ न्हाय.”

एका श्रावणात हिंदुरावची वडापची, म्हणजे भाड्यानं माणसं नेणारी, जीप टपरीवर थांबली. आत दहा माणसं, आणि दस्तगीरची बायको जैतून. ती घाटावर माहेरी निघाली होती. ब्रेक दाबला की जीपचा मागचा दिवा मिणमिणून विझायचा. दस्तगीरनं बॅटरी बघितली, फ्यूज बघितला. तेवढ्यात जैतून आतून म्हणाली, “सोडा की आता. धुकं उतराय लागलंय, भाऊ वाट बघत बसंल.”

दस्तगीरनं दिव्यावर थाप मारली. दिवा लागला. जन्मात पहिल्यांदा त्यानं अर्थ न बघता गाडी सोडली.

तिसऱ्या वळणावर गुरं आडवी आली. हिंदुरावनं ब्रेक दाबला. मागून दगडाचा ट्रक येत होता, तो जीपवर आदळला. जीप दरीत गेली, हिंदुरावसकट बाराच्या बारा माणसं गेली. गाव काठ्या घेऊन धावलं. ट्रकवाल्याला वळणावरच्या जांभळीच्या झाडाला बांधलं. तो एकच बोलत होता, “दिवा लागला न्हाई वो.” मार खाऊन तोंड सुजलं, तरी तेच.

दस्तगीर आला. चादरीखाली जैतून होती, तिच्याकडे त्यानं बघितलं नाही. ट्रकची बॅटरी काढून घेतली आणि तो दरीत उतरला. चेंदलेल्या जीपमध्ये एकेक जोड तपासत मागं सरकला. फ्यूज शाबूत, वायर शाबूत, बल्बसुद्धा शाबूत. मग मागच्या दिव्याचा अर्थाचा स्क्रू हाताला लागला. ढिला, खाली गंज. गंज खरवडून त्यानं स्क्रू आवळला आणि ब्रेक दाबला. त्या मेलेल्या गाडीचा दिवा लालभडक लागला.

तो वर आला आणि म्हणाला, “दिवा लागलाच नव्हता. अर्थ मी बघितला न्हाय. ह्याला सोडा, मला बांधा.”

लोकांनी ट्रकवाल्याला सोडलं. दस्तगीरला कुणी बांधलं नाही. बांधलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. मारानं माणूस मोकळा होतो. त्याला गावानं नुसतं घरी पाठवलं, आणि घरात कुणी नव्हतं.

पुढं वीस वर्षं तो फाट्यावर बसला. अर्थ बघितल्याशिवाय त्यानं एकही गाडी वर जाऊ दिली नाही. मग एका श्रावणात धुक्यातून तिसऱ्या वळणाकडं चालत गेला, तो परत आला नाही. जांभळीला त्याचा दिवा टांगलेला सापडला. एक वायर मातीत रोवलेली, दुसरी मोकळी लोंबत होती. बॅटरी नव्हती, काही नव्हतं, तरी दिवा तीन दिवस जळत होता, असं म्हणतात. तुमचा विश्वास नसेल तर नसू दे. माझ्या चुलत्यानं त्या उजेडात बिडी काढून बघितली होती.

अजून वडगणच्या फाट्यावर प्रत्येक गाडी थांबते. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, एक माणूस उतरून मागं उभा राहतो आणि ओरडतो, “अर्थ हाय!” मगच गाडी चढते.

आणि गावात कुणी कुणावर हात उगारला, की कुणीतरी म्हातारं माणूस विचारतं, “दस्तगीरचा जोड बघितलास का?” म्हणजे, तुझ्या स्वतःच्या हातून आवळायचा राहून गेलेला जोड. उगारलेला हात मग खाली येतो. नेहमी येतो असं नाही, पण येतो.