साहेबांचा अर्ज

विहिरींचं पाणी बघून गावाला टँकर कधी लागेल ते आधीच सांगणारं सॉफ्टवेअर एका सरकारी संस्थेत तयार झालं. पैसा लोकांच्या कराचा, डोकं वृंदा टिपणीस या प्रोग्रामरबाईंचं. "कोड सगळ्यांना खुला ठेवू," वृंदा म्हणाली.

संचालक घारपुरेसाहेब उखडले. "फुकट वाटायला हा काय प्रसाद आहे? ज्या गावाला हवं त्यानं तीन प्रतींत अर्ज करावा. तीस दिवसांत परवाना देऊ. सूट फक्त मालकाला!" तसा हुकूमच निघाला.

"तीस दिवसांत विहीर आटेल, साहेब."

"आटू दे. नियम म्हणजे नियम."

उद्घाटनाला गावोगावचे सरपंच आले. 'हे तुमच्याच पैशातून झालंय, हे तुमचंच आहे' असं भाषण ठोकून साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली : 'परवाना नाही. तीन प्रतींत अर्ज करा.'

"अहो, मला कसला परवाना?" साहेब खेकसले.

"हुकुमाप्रमाणे सूट फक्त मालकाला आहे, साहेब," वृंदा म्हणाली. "आणि मालक कोण, ते तुम्हीच आत्ता माइकवरून सांगितलंत. समोर बसलेत."

पहिल्या रांगेतल्या सरपंचबाईंनी पदर सावरला. "द्या अर्ज, साहेब. तीस दिवसांत बघू."